संशयकल्लोळ टीव्हीसाठी करतोय: पदं आधी रेकॉर्ड करावीत की सेटवरच गाऊन घ्यावीत?

तिसरीघंटा

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या निर्मितीसंस्थेत सहदिग्दर्शक आहे. देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' हे जुनं संगीत नाटक आठ भागांत करायचं घाटतंय. जाहिराती वगळून एक भाग बावीस मिनिटांचा, काळ जुनाच ठेवायचा, नट मात्र सगळे नवे. संहितेच्या हक्कांची कटकट नाही, कारण नाटककार देवल १९१६ सालीच गेले. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे संशयी नवरा-बायको आणि त्यांचा नोकर भादव्या मनासारखे मिळाले. गाडी अडलीय ती अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमी जोडीपाशी, कारण पदं, म्हणजे नाटकातली गाणी, त्यांनाच म्हणायचीत.

एक जोडी गाते सुरेख, पण कॅमेरा सुरू झाला की दोघं देवळातल्या खांबासारखी उभी राहतात. दुसरी जोडी दिसते गोड, कामही छान करते, पण सुराच्या नावानं शंख. निर्मात्यांचं म्हणणं, 'चांगल्या गायकांकडून ट्रॅक करून घ्या, हे ओठ हलवतील, कुणाला कळतंय?' वाहिनीच्या बाईंनी विचारलं, 'भागाला एक गाणं पुरे ना?' आणि मला स्वतःला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. पद संपल्यावर नाट्यगृहात टाळ्या पडतात, वन्स मोअर येतो. सेटवर त्या जागी काय असणार? लाइटवाल्याची जांभई?

ज्यांनी संगीत नाटक जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

फुकटपासवाला

करू नका. मोबाइलवर बघत लोक पद पुढे ढकलणार आणि तुम्ही बसाल रडत.

पायपेटी (सांगली)

फुकटपासवाल्यांचं मनावर घेऊ नका. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव होते. त्यांच्यानंतर आलेला प्रत्येक संच नवाच. प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हा आमचे एक मामा 'आता पूर्वीचं राहिलं नाही' म्हणत दोनदा जाऊन बघून आले.

आता मुद्द्याचं. ओठ हलवण्याचं खूळ डोक्यातून काढा. सिनेमाचं गाणं रेकॉर्डिंगच्या दिवशी ठरून जातं. नाट्यपद म्हणता म्हणता ठरतं. मी पस्तीस वर्षं ऑर्गनची साथ करतोय. 'मृगनयना रसिक मोहिनी' दोनशेवेळा तरी वाजवलं असेल, पण दोनदा सारखं झालेलं आठवत नाही. दरबारी रागातला तो गंधार कोण किती वेळ झुलवेल, हे त्या रात्रीच्या घशावर आणि पहिल्या रांगेत कोण बसलंय त्यावर. ट्रॅक केलात की तुमच्या देखण्या पोराला परक्याची तान पाठ करावी लागणार. तोंड जुळेल एक वेळ. पण मानेची शीर हलत नाही, पोट हलत नाही, श्वास भलत्याच जागी घेतला जातो. बाराव्या रांगेतून हे खपून जातं, टीव्हीवर चेहरा हातभर अंतरावर असतो. शाळेच्या प्रार्थनेत नुसतं तोंड हलवणारा पोरगा मास्तरांना बरोबर ओळखू यायचा, तसलाच हा प्रकार.

माझाच अनुभव सांगतो. एका वाहिनीनं नाट्यपदांच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. ऑर्गन पुसून चकचकीत केला, वर झेंडूच्या माळा सोडल्या. मग एक पोरगा येऊन म्हणाला, 'काका, वाजवू नका, वाजवल्यासारखं करा.' आता हे वाद्य पायानं भरायचं असतं, म्हणून तर दोन्ही हात मोकळे राहतात. मी हात फिरवले, पाय हलवलेच नाहीत. सेटवरच्या साठ माणसांत एकाच्याही लक्षात आलं नाही. प्रक्षेपणाच्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी मात्र पहिल्या मिनिटात पकडलं.

कुणी म्हणेल, 'कट्यार काळजात घुसली'च्या सिनेमात चाललं की. खरं आहे. २०१५च्या त्या सिनेमात दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी आहेत. पंडितजी झालेले शंकर महादेवन आपल्याच गळ्यानं गातात, आणि खाँसाहेबांच्या कामात सचिन पिळगावकरांना आवाज राहुल देशपांडे यांचा आहे. पण तिथली गाणी सिनेमाच्या मापानं बेतलेली होती. तुम्हाला पद हवंय की गाणं, ते आधी ठरवा.

सेटवर कसं घ्यायचं तेही सांगतो. तीन कॅमेरे लावा आणि अख्खं पद एका दमात घ्या. दोन टेक जोडायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्या वेळी लय केसभर तरी पुढे-मागे होते आणि जोड ठेच लागल्यासारखा कानाला लागतो. सलग तीन वेळा गाऊन घ्या, त्यातलं एक अखंड निवडा. तबलजी गाणाऱ्याला दिसला पाहिजे, नाहीतर समेला तो चाचपडणार. रेवतीच्या बाबतीत तुमचं नशीब थोर आहे. तिची आई मघा ही नायकीण, म्हणजे तिच्या घरी तबला-सारंगी असणारच, साजिंदे सरळ चौकटीत बसवा. अश्विनशेठच्या वेळी आम्हाला कॅमेऱ्यामागे बसवा, चालेल. चहा मात्र तिथवर पोचला पाहिजे.

आणि जोडी गाणारीच घ्या. दोन महिने तालीम दिलीत तर खांबाचा माणूस होतो. दोन महिन्यांत बेसूर माणसाचा अश्विनशेठ झालेला मी पाहिलेला नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. टाळ्यांच्या प्रश्नावर इथला अनुभव सांगतो. डिसेंबर २०१३मध्ये एनबीसी वाहिनीनं 'द साउंड ऑफ म्युझिक' हे गाण्यांचं नाटक टीव्हीवर थेट सादर केलं. मारियाच्या भूमिकेत कॅरी अंडरवूड, म्हणजे कंट्री संगीतातली मोठी गायिका. गाणी तिनं झकास म्हटली, संवादांवर मात्र समीक्षकांनी झोडपलं. (पायपेटीकाका, इथे खांबाचा माणूस झाला नाही बरं का!) मदर अॅबेसच्या, म्हणजे मठाच्या प्रमुख जोगिणीच्या, कामातल्या ऑड्रा मॅकडोनाल्ड रंगभूमीवर मुरलेल्या. त्यांचं एक गाणं झालं आणि आमच्या हॉलमध्ये माझी आई, जिला इंग्रजी जेमतेम कळतं, ती टाळ्या वाजवायला लागली. टीव्हीत मात्र चिडीचूप. समोर प्रेक्षकच बसवले नव्हते. गाणं संपायचं आणि खोलीतून कुणी उठून गेल्यासारखं वाटायचं.

तरी पाहणारे सुमारे १ कोटी ८५ लाख होते, म्हणून पुढे दरवर्षी असे प्रयोग होत गेले. २०१६च्या 'ग्रीस'मध्ये प्रेक्षक आणले. २०१८च्या ईस्टरला 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं, तेव्हा तर माणसं रंगमंचाला खेटून होती आणि आरडाओरडा चालू होता. फरक जमीन-अस्मानाचा. तुमचं थेट प्रक्षेपण नसेल, पण पदांच्या दिवशी चाळीस-पन्नास माणसं बोलवायला काय हरकत आहे?

रेवती१९९८

आमच्या रत्नागिरीच्या संघातर्फे राज्य संगीत नाट्य स्पर्धेत मी रेवती केली होती. मी मुळात नटी, गाणं नंतर शिकले, तेव्हा काकांचा शेवटचा नियम मला मान्य नाही. पण माझा गळा बरा होता हेही खरं. अगदीच शंख असेल तर काही करता येत नाही.

गाणारी माणसं खांब होतात, कारण त्यांना हातांचं काय करायचं कळत नाही. 'संशय का मनी आला' म्हणताना माझेही हात लटकत होते. आमच्या दिग्दर्शकांनी समोर पानाचं तबक ठेवलं आणि म्हणाले, 'विडा कर, पण पूर्ण करू नकोस.' अश्विनशेठ कसा रागावला हे आठवलं की हातातलं पान तसंच राहायचं. पुढचं आपोआप झालं. गायिकेला कॅमेऱ्याकडे बघू नको असं सांगून उपयोग नसतो, बघायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

आणि भागाला एक गाणं हे रेशन कुठून आलं? या नाटकाचा जीव कुणी काय पाहिलं आणि कुणी अर्धंच पाहिलं यात आहे. रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव सावरतो, कृत्तिका नेमकं तेवढंच बघते. मग रेवतीकडची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हातात, आणि हे फाल्गुनराव बघतो. रंगमंचावर आम्हाला हे मोठमोठ्यानं दाखवावं लागायचं. तुमच्याकडे कॅमेरा आहे, नुसत्या नजरांवर अख्खा भाग पळवता येईल. तो बिनगाण्याचा जाऊ दे. नंतर संशय चांगला मुरला की एकाच भागात दोन पदं येऊ देत. तोवर बघणाऱ्यालाही तिचं गाणं हवंसं झालेलं असेल.

फुकटपासवाला

पन्नास माणसं बोलावणार असाल तर मी मोकळा आहे.

तिसरीघंटा

सगळ्यांचे आभार. काल निर्मात्यांना हा धागाच वाचून दाखवला. पायांच्या गोष्टीवर ते हसले आणि ट्रॅकचा विषय निदान रेवतीपुरता मिटला. गाणारी मुलगी घेतोय, पानाच्या तबकासकट. अश्विनशेठ अजून अधांतरी. पदांचे दोन दिवस वेगळे काढून तेव्हा प्रेक्षक बसवायचं तत्त्वतः मान्य झालंय. जेवणाचा खर्च कुणी करायचा यावर बैठक आहे.

पायपेटीकाका, तुमचा ऑर्गन मुंबईला येईल का?

पायपेटी (सांगली)

येईल, पण टेंपोत आडवा घालायचा नाही. खाली गादी, आणि सोबत मी. मागच्या पावसाळ्यात उंदरानं भाता कुरतडला होता, तो नवा चढवलाय. मंद्रातले दोन सूर अजून घोगरे बोलतात, ते महिन्याभरात करून घेतो. तुमची रेवती कोणत्या पट्टीत गाते ते आधी कळवा. काळी चार म्हणून सांगतात आणि सेटवर गेलं की पांढरी पाच निघते.