बी.एस्सी. करताना एनसीसीतून लष्करी अधिकारी होण्याचा मार्ग: परेड आणि प्रात्यक्षिके दोन्ही निभतील का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कऱ्हाडच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला असून रसायनशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. गेल्या आठवड्यात राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, सीनियर विंगसाठी माझी निवड झाली. नावनोंदणीचा अर्ज मात्र अजून माझ्याकडेच आहे, कारण त्यावर पालकांची सही लागते आणि वडील सही करायला तयार नाहीत.

त्यांचा लष्कराला विरोध नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत आणि आमच्या घरातही चुलत आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यामुळे सैन्य आम्हाला परके नाही. वडिलांचे म्हणणे एवढेच आहे की परेड आणि शिबिरांपायी प्रात्यक्षिके बुडतील, गुण घसरतील, आणि शेवटी मी ना धड इकडची राहीन ना धड तिकडची. शेतीच्या उत्पन्नावर ते माझी फी भरतात, म्हणून त्यांची काळजी मला मोडून काढावीशी वाटत नाही. तिला खरे उत्तर द्यावेसे वाटते.

एनसीसीत नाव घातले की पुढे सैन्यात जाणे बंधनकारक होते का? एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळाले की थेट अधिकारी होता येते, असे वर्गातील मुली सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे? आणि तीन वर्षांत अभ्यासाचा नेमका किती वेळ जातो? ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परेड मैदान

मी महाविद्यालयात शिकवतो आणि बरीच वर्षे एनसीसीचा सहयोगी अधिकारी म्हणूनही काम पाहिले आहे. तुमच्या वडिलांची शंका रास्त आहे. ती माझ्यासमोर अनेक पालकांनी मांडलेली आहे.

बंधनाचा प्रश्न आधी निकालात काढू. एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली आणि छात्र म्हणून नाव नोंदवल्यामुळे सैनिकी सेवेचे कोणतेही दायित्व येत नाही, हे त्या कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. तीन वर्षे पूर्ण करून तुम्ही प्राध्यापिका झालात तरी कोणी जाब विचारणार नाही. हे वडिलांना निःशंकपणे सांगा.

आता प्रमाणपत्राविषयी. ‘सी’ प्रमाणपत्राने कोणीही अधिकारी होत नाही. त्याने अधिकारी निवडीची एक लेखी परीक्षा टळते, एवढेच. सीनियर विंगमधील सेवा, ‘सी’ परीक्षेत किमान ‘बी’ श्रेणी, पदवीला किमान ५० टक्के गुण आणि १९ ते २५ वर्षे वय या अटी पूर्ण करणाऱ्या अविवाहित उमेदवाराला ‘एनसीसी विशेष प्रवेश’ योजनेतून सेवा निवड मंडळासमोर, म्हणजे एसएसबीला, बोलावले जाऊ शकते. ‘जाऊ शकते’ असे मी जाणीवपूर्वक लिहितो, कारण अर्ज जास्त आले की लष्कराचे मुख्यालय पदवीच्या टक्केवारीवर चाळणी लावते आणि ५० टक्क्यांची किमान अट कागदावरच राहते. अलीकडच्या जाहिरातींत एका तुकडीसाठी मुलांच्या ५० ते ७० आणि मुलींच्या अवघ्या पाच-सहा जागा होत्या. म्हणून माझ्या छात्रांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की गुणपत्रिका हाही तुमच्या गणवेशाचाच भाग आहे. परेडसाठी अभ्यास सोडणारी मुलगी ज्या दारासाठी परेड करते, तेच दार स्वतःच्या हाताने लावून घेते.

वेळेचा हिशेब असा. परेडला ७५ टक्के हजेरी लागते. ‘बी’ परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आणि ‘सी’ तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस होते. पहिलीसाठी किमान एक शिबिर व दुसरीसाठी एकूण दोन शिबिरे झालेली असावी लागतात, आणि वार्षिक शिबिर साधारण १० दिवसांचे असते. त्यामुळे नेहमीच्या परेडपेक्षा शिबिराचे दिवस आणि तिसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी-मार्च हेच खरे ताणाचे. त्या वेळी ‘सी’ची लेखी परीक्षा, ड्रिल, नकाशावाचन आणि शस्त्रप्रशिक्षणाची तोंडी चाचणी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांच्या तोंडावरच येते. ज्या मुली नकाशावाचनाची वही डिसेंबरातच पूर्ण करतात त्यांची धांदल होत नाही.

प्रात्यक्षिके परेडच्या दिवशी येत असतील तर तुकडी आताच बदलून मागा. विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि त्यावर तुमच्या एनसीसी अधिकाऱ्यांची शिफारस घ्या. सत्राच्या सुरुवातीला ही विनंती बहुधा मान्य होते. ऑक्टोबरात कोणी ऐकत नाही.

छाती क्रमांक १७

ताई, मी याच वाटेने गेले आणि अजून पोहोचलेले नाही, म्हणून माझा अनुभव तुम्हाला कदाचित अधिक उपयोगी पडेल.

मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली, ‘सी’ला ‘ए’ श्रेणी मिळाली, आणि निकालानंतर जुलै-ऑगस्टच्या जाहिरातीतून, म्हणजे पुढच्या एप्रिलच्या तुकडीसाठी, अर्ज केला. बोलावणे आले. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणीनंतर पडद्यावर एक अंधुक चित्र ३० सेकंद दाखवले जाते आणि त्यावर चार मिनिटांत कथा लिहून मग गटात चर्चा करायची असते. दुपारी क्रमांक वाचून दाखवतात. ज्यांचा क्रमांक येत नाही त्यांनी त्याच दिवशी परतीची गाडी धरायची. माझा क्रमांक आला. पुढचे दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत यांत गेले. पाचव्या दिवशी सर्व अधिकाऱ्यांसमोर एकेकीला बोलावतात आणि निकाल जाहीर होतो. त्यात मी नव्हते.

मला नंतर उमगलेली गोष्ट सांगते. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द असतात आणि प्रत्येकाला १५ सेकंद मिळतात. मी शिकवणीतून पाठ केलेली छान छान वाक्ये लिहीत गेले. मुलाखतीत मात्र अधिकाऱ्यांनी विचारले की शिबिरात तुझ्या तंबूतील एखादी मुलगी आजारी पडली होती का, आणि तू काय केलेस. पडली होती, आणि मी सिनियर असूनही माझी फायरिंगची पाळी चुकू नये म्हणून दुसरीला तिच्याजवळ बसवून निघून गेले होते. मी खरे ते सांगितले. पण त्या क्षणी माझ्या उत्तरपत्रिकेतील मुलगी आणि खुर्चीवर बसलेली मुलगी वेगळ्या आहेत, हे मला स्वतःलाच दिसले. एनसीसीची तीन वर्षे मी केवळ प्रमाणपत्रासाठी वापरली होती. ती माणसांसाठी वापरायची असतात, हे मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून तुम्हाला सांगते.

त्यानंतर मी सीडीएसची, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा दिली. केंद्रीय लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो, आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी इंग्रजी व सामान्य ज्ञान हे दोनच पेपर असतात. मुलींच्या जागा त्यातही वीसपेक्षा कमीच असतात, परंतु एका दाराऐवजी दोन दारे उघडी राहतात. दुसऱ्या वेळी मंडळाने माझी शिफारस केली, वैद्यकीय तपासणीही पार पडली, पण गुणवत्ता यादीत नाव आले नाही. सध्या एम.एस्सी. करत आहे आणि वय शिल्लक आहे तोवर पुन्हा जाणार आहे. पदवीचे गुण चांगले होते म्हणून एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, हेही वडिलांना आवर्जून सांगा. शिफारस न होणे म्हणजे सर्व बुडणे नव्हे; पदवी हातात असली की माणूस उघड्यावर पडत नाही.

जुना बराकवाला

मुली, तुझा प्रश्न आणि वरची दोन्ही उत्तरे वाचली. मी चेन्नईच्या अकादमीतून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, घेतले आणि पायदळात सेवा करून निवृत्त झालो. माझ्या आधीच्या पिढीला हा प्रश्नच पडत नसे, कारण १९६२ च्या युद्धानंतर १९६३ पासून महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. चेन्नईची अकादमीही त्याच १९६३ मधली, अधिकारी तातडीने हवे होते म्हणून उभी राहिलेली. मुलींना तिथे १९९२ पासून प्रशिक्षण मिळते आहे.

तिथले प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे असते. त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते, आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर लेफ्टनंट म्हणून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीचे, कमिशन दिले जाते. त्याची मुदत १० वर्षे, आणि पुढे ४ वर्षांपर्यंत वाढू शकते. वडिलांना हा आकडा आणि ही मुदत दोन्ही सांग. दहा-चौदा वर्षांनी, ऐन पस्तिशीच्या आसपास, पुन्हा नागरी जीवनात यावे लागू शकते, हे घरातल्यांना आधी माहीत असले पाहिजे. कायम कमिशनचा मार्ग स्त्रियांसाठी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रुंदावला, पण ते प्रत्येकीला मिळतेच असे नाही.

शरीराची तयारी आजपासून कर. अकादमीत पाऊल ठेवताना मुलींनी २.४ किलोमीटर १३ मिनिटांत धावणे अपेक्षित असते. पहिल्या महिन्यातच घोटा किंवा नडगी दुखावून मागे पडलेले धट्टेकट्टे तरुण मी पाहिले आहेत, आणि बहुतेकांचे कारण एकच होते: बोलावणे आल्यावर दोन महिन्यांत सगळे उरकायचे म्हणून ते डांबरी रस्त्यावर बेसुमार धावले होते. तुझ्यापाशी तीन वर्षे आहेत. शेताच्या बांधावरून, मातीवरून, आठवड्यातून चार दिवस धाव. दात, कान आणि डोळे तपासून घे. जे दुरुस्त होण्यासारखे असेल ते आताच दुरुस्त होते.

शिकवणीसाठी वडिलांना कर्ज काढायला लावू नकोस. नाशिक रोडला राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातील उमेदवारांची एसएसबीची तयारी निवास आणि भोजनासह विनामूल्य करून घेतली जाते. त्याची सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातर्फे निघते, म्हणून साताऱ्याच्या कार्यालयात अधूनमधून चौकशी करत राहा.

कृष्णाकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरे मी काल रात्री वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. कायद्याविषयीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. पाच-सहा जागांचा उल्लेख ऐकून आई गप्प झाली, पण वडील म्हणाले की निदान खरे सांगणारी माणसे आहेत. आज सकाळी ते माझ्याबरोबर महाविद्यालयात आले, एनसीसीच्या मॅडमना भेटले आणि त्यांनी प्रात्यक्षिकाची तुकडी मंगळवारऐवजी गुरुवारी मिळेल का, हे स्वतः विचारले. विभागप्रमुखांनी अर्ज ठेवून घेतला असून सोमवारी उत्तर देऊ म्हणून सांगितले आहे. सही झाली. शनिवारी पहिली परेड आहे आणि बूट आजच मिळाले. ते घोट्याला फार घट्ट लागतात. बदलून मागावेत का?

छाती क्रमांक १७

अभिनंदन. बोटे पुढे टेकत असतील तर आजच बदलून घ्या. नुसता घोटा घट्ट लागत असेल तर बदलू नका, कातडे सैलावते. शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास जाड लोकरी मोजे घालून तेच बूट घरात वापरा, आणि टाचेच्या वर जिथे कातडे घासते तिथे आधीच चिकटपट्टी लावा. पहिल्या परेडला नाडीची टोके आत खोचायला विसरू नका. प्रशिक्षकांची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.