मदत हवी आहे : हंगामाअखेरच्या कबड्डी सामन्यांचं गणित

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. मिरग तोंडावर आला की पोरं भाताच्या धूळवाफ पेरणीला (पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरायला) लागतात, त्यामुळे मंडळाच्या शेवटच्या स्पर्धा मे महिन्यातच उरकायच्या आहेत. संघ सहा, मैदान एकच. सगळ्यांची सगळ्यांशी लढत लावली तर 15 सामने होतात. तीन-तीनचे दोन गट केले तर उपांत्य आणि अंतिम धरून 9. पण 20-20 मिनिटांचे दोन डाव, वर मध्यंतर, पंचांशी हुज्जत (ती चुकत नाही), एका रात्रीत 9 कसे बसवायचे? डाव 10-10 मिनिटांचे केले तर चालतील का? पोरं म्हणतात, अंगात गरमी यायच्या आत शिट्टी वाजेल.

दुसरं, चंदगडच्या पाव्हण्यांशी मैत्रीपूर्ण सामना आहे. दोन्हीकडचे खेळाडू मिसळून चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत असं मला वाटतं. पण आपल्याच जोडीदाराची पकड करताना हात ढिला पडतो, त्याला काय उपाय?

आणि वळीव झाला की तांबडी माती नुसती घसरते. वर भुसा टाकावा की बारीक वाळू? गुडघे शाबूत राहिले पाहिजेत, पुढं चिखलात रोप लावायचंय. अनुभवी लोकांनी सांगा.