विषय: बाबांची जुनी पद्मिनी गाडी फटाके मारतेय, इंजिनचं हेड उतरवू द्यायचं का?

बाळीवेस:
घाईत लिहितेय. मिस्त्री तिकडे सोलापुरात सकाळी साडेआठला येणार, म्हणजे आपल्या इथे परदेशात आज रात्री अकराला. त्याच्या आत सांगा. गेल्या रविवारपासून गाडी फटाके मारतेय. ओढ अजिबात नाही, जागेवर उभी असली तरी थरथरते. गुरुवारी आई-बाबा अक्कलकोटला निघाले आणि एमआयडीसीपाशीच परत फिरले. मिस्त्री म्हणतो 2 आणि 3 नंबरचे सिलिंडर मेलेत, शेजारशेजारचे आहेत, म्हणजे त्यांच्या मधलं हेड गॅस्केट (हेडखालची दाब अडवणारी पट्टी) गेलं. गाडी कुठली ते सगळ्यांना माहीतच आहे, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी निम्मी मंडळी त्यातूनच फिरली होती.

होटगी रोड:
ताई, आधी पेट्रोल बघा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं. साध्या पेट्रोलच्या 1 किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास पुरते. नव्या गाड्या ते आपोआप जुळवून घेतात. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं ठरावीक मापाचं भोक, कुठून जुळवून घेणार? पेट्रोल कमी पडतं आणि गाडी कार्बोरेटरमधून शिंकते. शिवाय जुने रबरी पाइप फुगतात. माझ्या मेहुण्याच्या गाडीला जेट मोठं करून घ्यावं लागलं.

साखर पेठ:
काका, इथेनॉलला किती नावं ठेवायची? आपल्या जिल्ह्यात कारखान्याला ऊस घालणारी घरं थोडी नाहीत, माझा भाऊ त्यातलाच. कारखान्याला चार पैसे सुटले तर उसाचं बिल वेळेवर निघतं. पाइप तर वीस वर्षांत कधीतरी बदलायचेच असतात की.

होटगी रोड:
भावाच्या बिलाबद्दल मी काही बोललो नाही. जेटबद्दल बोललो.

कार्यकारिणी:
विनंती, ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. सहलीची नावं शुक्रवारपर्यंत हवीत, आत्तापर्यंत अकराच आलीत. गाडीचं ज्याला सांगायचं त्यानं ताईंना परस्पर सांगावं.

अशोक चौक:
परस्पर नको. इथल्या बऱ्याच जणांच्या घरी गावाकडं जुनी गाडी आहे, सगळ्यांना उपयोग होईल. ताई, हेड उतरवू देऊ नका. वडिलांच्या गॅरेजमध्ये मी बारा वर्षं हात काळे केलेत, म्हणून सांगतो.

इथेनॉलनं चारही सिलिंडर सारखेच कुरकुरतात. नेमके दोनच मरत नाहीत, आणि तेही एका रविवारपासून. गॅस्केट दोघांच्या मध्ये फुटलं तर 2 आणि 3 मरतात हे खरं, मिस्त्री अडाणी नाही. पण मग दाब गेलेला असतो. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. अंगठा फटकन उडाला तर दाब आहे. दाब मोजायचं मीटर असेल तर उत्तमच. डिपस्टिकवर दुधी चहासारखं तेल किंवा रेडिएटरात बुडबुडे दिसले तर गोष्ट वेगळी.

मला शंका प्लगच्या वायरींची आहे. पद्मिनीत ठिणगी पडायचा क्रम 1-3-4-2. 2 आणि 3 चे पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण एक कोंडलेलं पेट्रोल-हवा दाबत येतो तेव्हा दुसरा धूर बाहेर ढकलत असतो. त्यांच्या वायरी अदलाबदल झाल्या की ठिणगी बरोबर एक फेरा चुकते आणि दोन्ही व्हॉल्व्ह जरा जरा उघडे असतानाच पडते. आत न जळलेलं पेट्रोल असतंच, ते तिथंच पेटतं. म्हणून फटाका कार्बोरेटरमधूनही येतो आणि सायलेन्सरमधूनही. बाबांना एवढंच विचारा, फटाका दोन्हीकडून आहे का? आणि रविवारी बॉनेट कुणी उघडलं होतं?

एअर फिल्टर काढून आत डोकावू नये, ज्वाळा बाहेर येते. चालू इंजिनवर वायर हातानं ओढायची नाही. कुठला सिलिंडर मेलाय ते बघायचं तर बंद करून एक काढा, मग सुरू करा.

बाळीवेस:
दोन्हीकडून आहे! आणि रविवारी बाबांनी स्वतः प्लग बदलले होते. मला सांगितलंच नव्हतं, आईनं सांगितलं.

बाबांनी फोन गाडीवरच ठेवला आणि मिस्त्रीनं डेल्कोचं (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढलं. आत रोटर ज्या दिशेनं फिरतो तिकडनं एक-एक वायर बोटानं प्लगपर्यंत नेली. एक, मग तीनच्या जागी दोन. मधल्या दोन्ही वायरी सारख्याच काळ्या आणि सारख्याच लांबीच्या. बदलल्या, चावी फिरवली, आणि मला इथं फोनवर तो जुना आवाज ऐकू आला, शिवणयंत्रासारखा. आई रडली. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

होटगी रोड:
छान झालं. पाइप मात्र बदलून घ्या.

साखर पेठ:
अशोक चौक, आमच्या भावाची जीप गरम झाली की मिसिंग मारते (मध्येच ठिणगी चुकून झटके देते), थंड असताना ठणठणीत. काय बघायचं?

अशोक चौक:
कंडेन्सर. डेल्कोतले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) उघडून बघा, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टोक आलं असेल तर तोच. सहलीला आमची तीन नावं लिहा.