हावड्याला उतरलो आणि हावड्यातच राहिलो: मोठ्या शहरातल्या सुट्टीचे तुमचे अनुभव

वऱ्हाडी_ठेचा

काल भाच्याने कोलकात्याच्या सहलीचं एक्सेल शीट पाठवलं. डिसेंबर, पाच दिवस, माणसं सहा, दर अर्ध्या तासाचा हिशेब. पिवळं म्हणजे खाणं, हिरवं म्हणजे बघणं, आणि मधेमधे 'बफर' नावाचे करडे चौकोन. खाली लिहिलंय, मामा तू गेला होतास ना, हॉटेल बरोबर निवडलंय का बघ. हॉटेल न्यू टाउनला. नाश्ता फुकट, पोहायचा तलाव, आणि बघायच्या निम्म्या गोष्टी तिथून तासाभरावर.

मी शीट मिटलं आणि कपाटातलं आईचं पिना ठेवायचं भांडं काढलं. भांडं कसलं, चहाचा मातीचा कप. तिकडे त्याला भांडच म्हणतात.

१९९८, दिवाळीची सुट्टी. अकोल्याहून गीतांजली. बाबांचं सूत्र एकच, स्टेशनजवळ उतरायचं, सामान घेऊन वणवण नको. त्यांनी जोडकार्ड (उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड) टाकून हावडा स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली ठेवली होती. हावडा हे वेगळंच गाव आहे आणि कोलकाता नदीपलीकडे, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. रोज सकाळी बसने पूल, रोज संध्याकाळी बसने पूल. हा पूल १९४३ चा, एक नटबोल्ट नाही, सगळे रिवेट, हे बाबांनी चार दिवसांत आठ वेळा सांगितलं. कारण आठही वेळा आम्ही त्यावर अडकून उभे होतो.

खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्टला जाळीचं सरकतं दार, ते कुणी नीट लावलं नाही की लिफ्ट जागची हलत नसे. मग सगळ्या मजल्यांवरून 'दोरजा! दोरजा!' असा ओरडा. आम्ही बंगालीतला पहिला शब्द असा शिकलो.

सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियल. आतली दालनं सोमवारी बंद. बागेत बसून डबा खाल्ला. मग म्हटलं चला म्युझियम बघू. तेही सोमवारी बंद. बाबा त्या दिवशी फार बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लॉजखालचा चहावाला म्हणाला, बस से क्यों जाते हो, लोंच से जाओ. बाबा म्हणाले, नको, आमचं जेवण झालंय. त्याने हाताला धरून धक्क्यावर नेलं तेव्हा कळलं, लोंच म्हणजे लाँच. हावड्याहून बाबूघाट. दहा-बारा मिनिटं, वारा, मागे तोच पूल आणि त्यावर अडकलेल्या बसा. आईने धक्क्यावर चहा घेतला. सगळे कप फोडत होते. तिने नळावर धुतला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. उरलेले दोन दिवस आम्ही काय काय पाहिलं ते आठवत नाही, लाँच मात्र आठवते.

तर सांगा. कुठे उतरलात, काय ठरवलं होतं, काय झालं. कोलकाताच हवं असं नाही.

पमी

जोडकार्ड!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. माझा अनुभव आहे पण पोळ्या व्हायच्यात, येते.

निवांत_बसलोय

बंद दिवसांत आमचं घराणं तुमच्यापुढे. दिल्लीत सोमवारी लाल किल्ला बंद. मग अक्षरधाम, तेही सोमवारी बंद. आणि शुक्रवारी आग्रा. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो हे भारतात आम्हा पाच जणांनाच माहीत नव्हतं. शेवटी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून पाहिला. बायको म्हणते तिथूनच जास्त छान दिसतो. ती असं चांगल्या मनाने म्हणते की टोमणा आहे, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

बोका_बोलतो

ते एक्सेल टाका ना इथे. बफर कुठे कुठे आहे ते बघायचंय.

साल्टलेककर

अकरा वर्षं कोलकात्यात आहे म्हणून लांब लिहिते, सांभाळून घ्या.

न्यू टाउन वाईट नाही, विमानतळाजवळ आहे, इको पार्क आहे, रस्ते मोठे आहेत. पण सहा जणांत ज्येष्ठ असतील तर रोजचं जाऊन-येऊन थकवेल. पहिल्यांदा येणाऱ्याने पार्क स्ट्रीट-एस्प्लनेड भागात राहावं, नाहीतर भवानीपूर-कालीघाटकडे. दोन्ही जुन्या मेट्रोवर आहेत (१९८४ ची, देशातली पहिली). हजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, जतीन दास पार्क स्टेशनपासून जवळ. आधी फोन करून विचारा, सुट्टीत थेट जाऊन धडकू नका.

आणि ठेचादादा, एक गंमत सांगू? २०२४ च्या मार्चपासून हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो नदीखालून जाते. नदीचा भाग पाऊण मिनिटात संपतो, बोगद्यात निळे दिवे लावलेत तेवढीच खूण. हावडा स्टेशनवरच तिचं स्टेशन आहे. म्हणजे तुमच्या बाबांचं लॉज आज एकदम मोक्याचं. ते पंचवीस वर्षं आधी बरोबर होते.

शीटमध्ये बघा: व्हिक्टोरिया आणि म्युझियम सोमवारी नको. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ दुपारी नको, दोन्ही काही तास बंद असतात. कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, डिसेंबरात शांत असते, मूर्तींची खरी धांदल बघायची तर दुर्गापूजेआधी दोन महिने या. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची बहुतेक दुकानं रविवारी बंद. रविवारी त्याऐवजी पहाटे उठून टिरेटा बाजारला चिनी नाश्ता करा, आठनंतर गेलात तर रिकामी भांडी बघाल.

खडूस_काकू

शाकाहारी माणसाने खायचं काय ते आधी सांगा. बघायचं नंतर.

साल्टलेककर

काकू, उपाशी नाही राहणार. सकाळी कोचुरी आणि बटाट्याची भाजी. लुची म्हणजे आपल्या पुरीची गोरी बहीण, मैद्याची, तिच्याबरोबर छोलार डाल, त्यात खोबऱ्याचे तुकडे असतात. केळफुलाची भाजी आपल्यासारखीच पण बटाटा घालून. 'निरामिष' म्हणायचं, नुसतं व्हेज नाही. आणि डिसेंबरात जाताय तर नोलेन गुडाचा संदेश. खजुराच्या रसाचा नवा गूळ, फक्त थंडीत मिळतो. बाकी मिठाई कधीही खा.

खडूस_काकू

गोरी बहीण :) बरं. केळफूल निवडून कोण देतं तिकडे?

साल्टलेककर

बाजारात चिरून मिळतं काकू! मी तर त्यासाठीच इथे टिकून आहे.

दूरचा_नातेवाईक

आमची मोठ्या शहरातली सुट्टी म्हणजे मुंबई. लातूरहून. राहायचं अर्थातच आत्याकडे, बदलापूरला. हॉटेलचं नाव काढलं असतं तर आत्याने संबंध तोडले असते. तर सकाळी पावणेसातला निघायचं, डबे घेऊन. पहिल्या दिवशी राणीची बाग, बुधवार निघाला, बंद. रविवारी गेटवे ऑफ इंडिया ठरवलं तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. आम्हाला वाटलं काहीतरी दुर्घटना झाली, आत्या म्हणे दर रविवारचंच आहे, बसा, आमरस करते.

मग बसलोच. चार दिवस आमरस, पत्ते आणि आत्याच्या गच्चीवरून दिसणारे डोंगर. समुद्र पाहिला फक्त जाताना, तोही ठाण्याची खाडी. वर्गात मी सांगितलं समुद्र पाहिला. खोटं बोललो असं आजही वाटत नाही.

निवांत_बसलोय

ठाण्याची खाडी म्हणजे समुद्रच, जरा थकलेला.

अर्धीपोळी

ऑफिसातून लिहितेय, तुटक असेल. आम्ही पूजेत गेलो होतो. हॉटेल नकाशात बघून घेतलं, गाजलेला मंडप तीन मिनिटांवर. म्हटलं वा. षष्ठीच्या संध्याकाळी टॅक्सीवाल्याने दोन किलोमीटर आधीच उतरवलं, पुढे सगळे बांबूचे कठडे, गाडी जातच नाही. दोन बॅगा, एक स्ट्रोलर, एक सासरे. चाकं त्या गर्दीत वळत नव्हती म्हणून नवऱ्याने बॅग डोक्यावर घेतली. लोकांनी वाट दिली, त्यांना वाटलं ढाकी, म्हणजे पूजेतला ढोलवाला, असावा.

पण एकदा खोलीत पडल्यावर मजा. रात्री एक वाजता खाली उतरायचं, मंडप बघायचा, वर येऊन झोपायचं. पूजेत मेट्रो रात्रभर चालते. मुलगी स्ट्रोलरमध्ये झोपलेली आणि आम्ही पहाटे तीनला एगरोल खातोय. पूजेत जायचं असेल तर बॅग छोटी घ्या आणि दुपारच्या आत पोचा, बाकी काही प्लॅन लागत नाही.

मीटिंग.

इतिहासाचा_तास

बागबाजारला एका घरात खोली घेऊन राहिलो होतो. घरमालकीण सत्तरीच्या. कुठून आलात विचारलं, म्हटलं साताऱ्याहून. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत बघून हाक मारली, 'ओगो, बोर्गी एशेछे!' म्हणजे अहो, बारगीर आलेत!

१७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या त्या तिकडे अजून लक्षात आहेत, आणि इतिहासाच्या पुस्तकात नाही, अंगाईत. बाळा झोप, बोर्गी आले, पिकं पाखरांनी खाल्ली, सारा कुठून भरू, अशा अर्थाची. आपल्याकडे अटकेपार झेंडे, त्यांच्याकडे आपण बागुलबुवा. कलकत्त्यात १७४२ मध्ये आपल्या भीतीने खंदक खणायला घेतला होता, 'मराठा डिच'. पुरा झालाच नाही, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात त्या नावाची गल्ली अजून आहे. मालकीणबाईंनी मला मुद्दाम तिथे चालत नेलं आणि म्हणाल्या, ही तुमच्यासाठी.

जाताना त्यांनी रसगुल्ल्याचा डबा दिला. म्हटलं ही चौथाई का? तर इतक्या हसल्या की बसावं लागलं त्यांना.

माझं म्हणणं, कुठल्याही शहरात एक तरी रात्र कुणाच्या घरात काढा. हॉटेलच्या काउंटरवर असलं काही घडत नाही.

बोका_बोलतो

चौथाई हाहाहा. मी कोल्हापूरचा, मला काय म्हटलं असतं त्यांनी.

इतिहासाचा_तास

तिखट आणा म्हटलं असतं.

गोंधळी_नं_१

हावड्याला चुकामूक होऊ नये म्हणून सगळे सांगतात बड्या घड्याळाखाली भेटा. आम्हीही तेच ठरवलं. भाऊ दिल्लीहून येणार, आम्ही पुण्याहून आझाद हिंदने. पण आम्ही उतरलो नव्या इमारतीत आणि घड्याळ जुन्या इमारतीत. मी नव्या बाजूला एक घड्याळ दिसलं त्याखाली उभा. ते 'बडं' नव्हतं इतकंच. फोनची बॅटरी संपलेली. पाऊण तासाने वडील म्हणाले, मोठं घड्याळ म्हणालास ना, हे आपल्या हॉलमधल्याएवढंच आहे.

पमी

आले. पोळ्या झाल्या, भांडी पडलीत, असू देत.

सासूबाईंना दक्षिणेश्वर आणि बेलूर करायचंच होतं. बाकी शहर नाही पाहिलं तरी चालेल म्हणाल्या. साल्टलेककर म्हणतात तीच चूक आम्ही केली. दक्षिणेश्वरला पोचलो तर दार मिटलेलं, साडेतीनला उघडणार. नवरा चिडला, शीट नव्हतं आमच्याकडे पण त्याच्या डोक्यात होतं. सासूबाई शांतपणे घाटाच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून कापसाची पुडी काढली आणि वाती वळायला लागल्या. प्रवासात कापूस घेतात त्या, मी आधी हसायचे.

शेजारी लाल काठाच्या पांढऱ्या साडीतली एक आजी. थोडा वेळ बघत बसली. मग हात पुढे केला. सासूबाईंनी अर्धा कापूस तिला दिला. एक मराठीत बोलतेय, एक बंगालीत, आणि दोघींच्या मांडीवर वाती. ती मांडीवर घासून वळायची, सासूबाई तळहातावर. मधेच दोघी एकमेकींच्या वातीकडे बघून नाक मुरडायच्या. दार उघडेपर्यंत शंभराच्या वर झाल्या असतील. त्या तिथेच वाटून घेतल्या. मग नावेने बेलूरला. आम्ही पाण्यात फोटो काढत होतो, सासूबाई म्हणाल्या, तिची पीळ सैल होती पण हात गोड होता.

गेल्या वर्षी गेल्या त्या. पुडी अजून त्या पिशवीतच आहे.

खडूस_काकू

पमे. काय लिहिलंस गं. फुलवाती की लांब?

पमी

लांब, काकू. फुलवातीला तूप लागतं, ते नव्हतं.

दूरचा_नातेवाईक

सासूबाई गेल्या ऐकून वाईट वाटलं पमीताई.

अर्धीपोळी

मीटिंगमध्ये वाचलं आणि कॅमेरा चालू होता. बॉसने विचारलं बरी आहेस ना.

हौशी_प्रवासी

सगळं वाचलं. आता कामाचं विचारतो, त्या पिवळ्या अँबेसेडर टॅक्सी उरल्यात का अजून? मुलाला त्यात बसायचंय. आणि ट्राम?

साल्टलेककर

अँबेसेडरचं उत्पादन २०१४ लाच थांबलं आणि पंधरा वर्षांच्या वरच्या गाड्या काढून टाकतात, त्यामुळे दर वर्षी कमी होतायत. दिसली की हात करा, मीटरबद्दल नंतर बोला. ट्राम अगदी मोजक्या उरल्यात, आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. मुलाला खिडकीशी बसवा.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वाचतोय बरं का, कांदे चिरता चिरता. पमीताई, काही लिहायला सुचत नाही.

भाच्याला हा धागा पाठवला. त्याने न्यू टाउन रद्द केलं, कालीघाटकडे बघतोय. माझी बहीण म्हणते हावड्यालाच राहू, बाबांचं लॉज आहे का बघ. मी म्हटलं लिफ्टमध्ये तू ओरडणार का? शीटमध्ये आता नवी ओळ आलीय, हिरवी: 'सकाळी ७ ते ८, मामाची लाँच'. त्याखाली बफर.

निवांत_बसलोय

वार कोणता आहे ते बघा आधी.

वऱ्हाडी_ठेचा

…सोमवार.

बोका_बोलतो

लाँच सोमवारी चालू असते. डबा घ्या.