आधी पॉलिमर, मग मीठ

समुद्रात तेलविहीर खोदताना लागणारा द्रव (ड्रिलिंग मड) दाट करायला सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) आणि पीएसी (पॉलिअॅनायोनिक सेल्युलोज) हे भुकटीतले पॉलिमर वापरतात. 'दोन्ही एकच, पीएसीला उगाच दुप्पट पैसे कशाला' असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच खरं. रसायन एकाच घराण्यातलं, पण पीएसी जास्त शुद्ध असतं आणि त्यात सेल्युलोजवर बसवलेले कार्बोक्सिमिथाइल गट जास्त, म्हणून खाऱ्या पाण्यात ते बरंच तग धरतं. समुद्रात खारेपणाचाच तर प्रश्न. शिवाय तापमान: खोल समुद्राच्या तळाशी पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, खाली विहिरीत मात्र शंभरी पार. दीडशेकडे गेलात की दोघंही हात टेकतात.

पण पॉलिमर आणि मीठ पाण्यात मिसळण्याच्या क्रमाबद्दल कुणीच बोलत नाही. नाशिकजवळ अंबडला एका छोट्या लॅबमध्ये होतो तेव्हा एकदा घाईत आधी मीठ विरघळवलं आणि वरून सीएमसी ओतलं. पिठल्यात बेसन एकदम टाकल्यावर होतात तशा गुठळ्या, आतून कोरड्या! मार्श फनेलमधून (द्रव वाहून जायला किती वेळ लागतो त्यावरून दाटपणा मोजायचं नरसाळं) द्रव जवळजवळ साध्या पाण्यासारखा, म्हणजे २६ सेकंदांच्या जरा वर, पळाला. दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या गोड नळाच्या पाण्यात भुकटी चिमटीचिमटीने भुरभुरवली, तासभर फुगू दिली, मग मीठ घातलं. माल तोच, पण यावेळी दाट झाला. जहाजावर गोडं पाणी मोजकंच असतं, हे मान्य. पण निदान पॉलिमरपुरतं तरी वेगळं काढाच.