दिल्लीत एकच दिवस हातात, लेकीला मॉडर्न आर्ट गॅलरी दाखवायची आहे

फोंड्याची_आई:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला दिल्लीला जातोय. रविवारी लग्न, सोमवारी रात्रीचं विमान, म्हणजे फिरायला तेवढाच सोमवार. लेक बारावीला आहे, आल्तिनोच्या आर्ट कॉलेजात जायचं डोक्यात घेऊन बसलीय, पण मोठ्या चित्रकारांचं एकही चित्र तिने अजून समोर उभं राहून बघितलेलं नाही, सगळं मोबाईलवर. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट तीन-चार तासांत होईल का? घरचे म्हणतायत चित्रं काय पुस्तकात पण असतात, लाल किल्ला बघा.

म्हापशेकर:
ताई, सोमवारी ती बंद असते! आधी विमानाचं बघा. इंडिया गेटजवळ जयपूर हाऊस म्हणून जुना राजवाडा आहे, 1954 पासून गॅलरी तिथेच, 2009 ला मागे नवी मोठी इमारत झाली. सगळं बघायला गेलात तर पाय दुखतील आणि डोक्यात काहीच राहणार नाही.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर:
लेकीला चित्रकार अमृता शेरगिलच्या चित्रांसमोर उभी करा, बाकीचं राहिलं तरी चालेल. शंभराहून जास्त चित्रं आहेत तिची त्यांच्याकडे. 1935 चं 'थ्री गर्ल्स' लागलेलं असेल तर तिथेच बसा. तिघी जवळजवळ बसलेल्या पण एकमेकींकडे बघत नाहीत, आपल्याकडेही नाही, नजरा खाली, आणि चेहऱ्यावर अशी गप्प वाट बघणं की लग्नाआधीच्या आपल्या घरातल्या पोरी आठवतात. पुढच्या वर्षी अमृता अजिंठ्याची लेणी बघून आली, मग 1937 चं 'ब्राइड्स टॉयलेट' (म्हणजे नवरीचा साजशृंगार) बघा, आकार कसे सोपे आणि भरीव झाले ते मुलीला स्वतःलाच शोधू दे, तुम्ही सांगू नका. 1941 ला अमृता वारली तेव्हा 28 वर्षांची होती. हे पुस्तकात नाही कळत हो, छापलेला तांबडा आणि खरा तांबडा यात फार फरक.

पणजीकर:
मास्तरांना अनुमोदन, पण आपली माणसं विसरू नका. चित्रकार सूझा आपल्या गोव्यातल्या साळगावचा, 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटातला. दुसरे चित्रकार गायतोंडे, जन्मले नागपूरला पण घराणं गोव्याचं. काय लावलंय ते बदलत असतं म्हणून आत गेल्या गेल्या विचारा. गायतोंडेंचं दिसलं तर घाई करू नका. ते ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग थापायच्या बोथट सुरीने) रंगाचे थर चढवायचे, पुसायचे, परत चढवायचे. पहिल्यांदा नुसता एक रंग दिसतो, पाचेक मिनिटांनी खालचे थर वर यायला लागतात, पहाटे धुक्यातून मांडवी दिसायला लागते ना तसं.

फोंड्याची_आई:
देव बरें करूं सगळ्यांचं. विमान मंगळवार रात्रीचं केलं, थोडे पैसे गेले पण जाऊ दे. लेकीने मास्तरांचं लिहिलेलं दोनदा वाचलं, आता विचारतेय स्केचबुक आत नेऊ देतात का?

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर:
दारावर विचारून घ्या, आणि पेन नको, पेन्सिलच न्यायची.