शिबिरासाठी .२२ कुठली घ्यावी? की मुळात घ्यावीच का?

होटगीरोडकर
मंडळी, मदत करा नाहीतर भांडा, पण पंधरा दिवसांत निर्णय हवाय.

मे महिन्यात आमच्या नेमबाजी क्लबचं नवशिक्यांचं दहा दिवसांचं शिबिर असतं. यंदा वीस मुलं आहेत, तेरा ते सतरा वयाची. छर्‍याच्या चार रायफली आहेत (हवेच्या दाबावर चालतात) आणि एक जुनी .२२, म्हणजे काडतुसाची. तिने गेल्या वर्षी जीव नको केला. दर तिसरी पुंगळी, म्हणजे उडालेलं रिकामं काडतूस, नळीतच अडकायची, मग चिमटा घेऊन मी. परवान्यावर एक जागा आहे आणि पैसेही एकाच रायफलीचे.

दोन पर्याय. एक, ईशापूर कारखान्याची साधी बोल्टवाली (दर गोळीला बोल्ट हाताने ओढायचा), एनसीसीत डिलक्स म्हणतात त्या जातीची. दोन, एक जुने नेमबाज त्यांची जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, विकतायत, आनशुट्झ कंपनीची. कागदपत्रांचं सचिव बघतायत.

माझं मत मॅच रायफलीला. तिचा ट्रिगर काच तुटावी तसा सुटतो. मागच्या साइटला बारीक भोक, पुढे गोल कडं, काळा ठिपका कड्यात बसवायचा, बस. गोळी चुकली तर ती आपण चुकवली हे पोराला कळतं. साध्या रायफलीत ट्रिगर ओढता ओढता अख्खी रायफल हलते, आणि पोरगं दहा दिवस स्वतःलाच दोष देत बसतं.

चांदमारी६८
काय सांगलालाव राव! आम्ही डिलक्सवरच शिकलो. पंचवीस यार्ड, लेटून पोझिशन, पाच राउंड. उस्ताद मागे उभे. पाचही भोकं दहाच्या नाण्याखाली झाकली गेली की चहा, नाहीतर मैदानाला चक्कर. जड ट्रिगरवर शिकलेला हात पुढे कुठल्याही रायफलीवर चालतो. मऊ ट्रिगरवर शिकलेला पोरगा साधी रायफल हातात घेतली की रडतो.

शिवाय डिलक्स तीन किलोच्या आत. तुमची मॅच रायफल पाच-सहा किलोची. तेरा वर्षांच्या पोराला उभं राहून धरायला लावा, दुसर्‍या मिनिटाला नळी जमिनीकडे.

होटगीरोडकर
काका, नवशिक्यांना उभं कशाला करू? पहिले आठ दिवस सगळे पालथे. वजन कोपरांवर आणि दंडाच्या पट्ट्यावर येतं, स्नायूंवर नाही. पालथं असताना जड रायफल फायद्याचीच, श्वासाबरोबर कमी हलते.

कडकभाकरी
तुम्ही दोघंही चुकीच्या दुकानात उभे आहात. .२२ घेऊच नका. त्याच पैशात छर्‍याच्या अजून काही येतील.

हिशेब करा. एका .२२ वर वीस मुलं म्हणजे एक झोपलेला आणि एकोणीस सावली शोधणारे. सोलापुरातला मे! सकाळी नऊनंतर ओट्यावर कोपर टेकवत नाही, खाली चादर घातली तरी (सोलापुरीच, अर्थात). छर्‍याला दहा मीटरचा हॉल पुरतो, पंख्याखाली. .२२ ची गोळी दीड किलोमीटरवरही जीव घेऊ शकते, म्हणजे मागे मातीचा उंच बांध, लाल झेंडा, आणि बांधावर शेरडं चढली की गोळीबार बंद. छर्‍याला हे काही नाही.

आणि ऑलिंपिकचं म्हणाल तर बिंद्रा २००८, नारंग २०१२, दोघांची पदकं दहा मीटरची, छर्‍याची.

सातरस्ता
आणि स्वप्नील कुसाळे? २०२४, पॅरिस, पन्नास मीटर, तिन्ही पोझिशन, कांस्य. रायफल .२२. कोल्हापुरातल्या कांबळवाडीचा पोरगा. त्याच्या आधी २०१० साली म्युनिकच्या विश्वस्पर्धेत तेजस्विनी सावंतचं सुवर्ण, तेही पन्नास मीटर, पालथी पोझिशन. आपल्या भागाला .२२ चं वावडं नाही. पोरं आता येतात ती कुसाळेचं नाव घेऊन. त्यांना छर्‍याची दिली की म्हणतात, ही तर गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायची!

मी म्हणतो, घ्यायचीच तर अर्ध-स्वयंचलित घ्या. अमेरिकेत १९६४ पासून रुगरच्या १०/२२ वर पोरं शिकतायत. बोल्ट ओढायला दरवेळी गाल दस्त्यावरून उठतो, पोझिशन मोडते. तिच्यात पुढची गोळी आपोआप भरते, गाल जागेवरच.

चांदमारी६८
आणि दहा गोळ्या दहा सेकंदांत खलास. बोल्ट ओढताना पोरगं श्वास घेतं, तेवढाच त्याला विचार सुचतो. गाल उठतो म्हणता? उठू दे. दरवेळी त्याच जागी परत टेकवायला शिकणं यालाच नेमबाजी म्हणतात.

दोन_मुलींची_आई
मी बंदुकीतली जाणकार नाही. माझी धाकटी गेल्या वर्षी याच शिबिरात होती. तेरा वर्षांची, डावखुरी. इतका वेळ कंपनी, ट्रिगर, ऑलिंपिक चाललंय, मुलाच्या मापाचं कुणीच बोलत नाही.

तिला दिलेल्या रायफलीचा दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून ती दस्ता खांद्याऐवजी दंडावर टेकवायची, मान ताणून. तिसर्‍या दिवशी दंड काळानिळा. .२२ ला धक्का नसतो म्हणतात ना? दंडावर टेकवलेल्या लाकडाचा घासून घासून होतो. वर बोल्ट उजवीकडे, म्हणजे दर गोळीला डावा हात सोडून रायफलीवरून पलीकडे. सर म्हणाले, ‘उजव्या हाताने कर.’ तिचा डावा डोळा तेज आहे, उजव्या खांद्यावर घेतली की तिला माशी (पुढची साइट) दोन दिसतात.

तिने यंदा नाव दिलेलं नाही.

होटगीरोडकर
ताई, ‘उजव्या हाताने कर’ म्हणणारा मीच. चूक झाली.

माप घ्यायची जुनी पद्धत मला माहीत होती, वापरली नाही. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवायचं आणि तर्जनीचं पेर ट्रिगरवर आरामात येतं का बघायचं. मोठ्यांचा दस्ता साडेतेरा-चौदा इंच असतो. आज मुलीला टेप लावला (माझ्या, ती बारा वर्षांची), तर तिला अकरा पुरेत. मॅच रायफलीच्या मागची पट्टी पुढेमागे सरकते, पण पूर्ण आत घेऊनही अकरावर येणार नाही. म्हणजे माझी लाडकी रायफल निम्म्या मुलांना लांबच. डावखुर्‍यांचं उत्तर तर दोन्ही पर्यायांत नाही.

कडकभाकरी
छर्‍याच्या लहान दस्त्याच्या मिळतात. डाव्या-उजव्या दोघांना चालणार्‍याही. बोललो नाही असं म्हणू नका.

चांदमारी६८
होटगीरोडकर, एक विचारतो, रागावू नका. जुन्या .२२ मध्ये पुंगळी अडकते म्हणालात. शिबिरात पोरांकडून बिनगोळीचा ट्रिगर दाबून घेता का? सरावाला?

होटगीरोडकर
हो, रोज. ड्राय सराव. छर्‍यावर करतो तसाच. का?

चांदमारी६८
तिथेच गोम आहे. छर्‍याच्या मॅच रायफलीत ड्रायची वेगळी सोय असते. .२२ ची गोष्ट निराळी. तिच्या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या काठात असतो. म्हणून काडतूस ठोकणारी पिन काठावर मारते. काडतूस नसलं की ब‍र्‍याच जुन्या रायफलींत तीच पिन नळीच्या तोंडाच्या पोलादावर आपटते. हजारदा आपटली की तिथे खळगा पडतो, लोखंड आत उचलतं, आणि पुंगळी तिथे अडते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, बिचारा निर्दोष असेल. बोल्ट काढा, आत काडतूस नाही हे बोट घालून बघा, आणि नळीच्या तोंडावर बॅटरी मारा.

सातरस्ता
मग ड्राय करायचंच नाही?

चांदमारी६८
नकली काडतूस घालून करा. किंवा वापरलेली पुंगळी घाला, दरवेळी जरा फिरवून. पण मग जिवंत राउंड त्या खोलीतसुद्धा नको. पुंगळ्या मोजून द्या, मोजून घ्या.

होटगीरोडकर
बघितलं. घड्याळात बारा असतात त्या जागी, बरोब्बर पिनच्या रुंदीचा खळगा. नख फिरवलं तर कडेला खरखर लागते. दोन वर्षं मी एक्स्ट्रॅक्टरच्या नावाने खडे फोडत होतो.

शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला विचारलं. आत उचललेलं लोखंड बसवता येतं म्हणतो, बघून सांगेन. जमलं तर जुनी .२२ शेवटच्या दोन दिवसांना पुरेल, मोठ्या मुलांसाठी.

कडकभाकरी
म्हणजे पैसे मोकळे! लहान दस्त्याच्या छर्‍याच्या.

होटगीरोडकर
समितीत मॅच रायफलीवर माझ्यासकट तिघं अडून बसलेत. मी आता कुठल्या बाजूला आहे ते मलाच ठरवायचंय. रविवारी सकाळी साडेसहाला मुलांची मापं घेणार आहे, मग यादी समितीपुढे. ताई, धाकटीला घेऊन याल का? नाव देऊ नका, नुसतं माप.

दोन_मुलींची_आई
विचारते तिला. साडेसहाला उठणार नाही ती.

चांदमारी६८
मी येतो. ती रायफल मला बघायचीय.